सोपी डिग्री घे, पण दुपारचा हिशोब आधी कर

खानापूर

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, "आई, सोपे विषय घेऊन बी.ए. करते, मार्क चांगले पडतील आणि बँकेच्या परीक्षा देता येतील." मावशीच्या घरातून मोकळं बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात मुलं फसतात.

आयबीपीएसची (सरकारी बँकांची भरती) पीओ म्हणजे अधिकारी आणि क्लार्क, एसएससीची सीजीएल (केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतली पदवीधरांची भरती), यूपीएससी, ह्यांतल्या बहुतेक जागांना कुठलीही पदवी चालते. व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाचं, मुख्यालय बेळगावात, त्यामुळे आपल्याकडे घरोघरी इंजिनिअरिंगचा जप चालतो. पण गणित पेलत नसताना तिकडे गेलेलं पोर बॅकलॉगात, म्हणजे राहिलेल्या विषयांत अडकतं, आणि कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावीपासून 60 टक्के हवेत, एकही बॅकलॉग नको, अशी अट आधीच घालतात. त्यापेक्षा झेपणारी डिग्री वेळेत पुरी केलेली केव्हाही बरी.

मात्र सोपं म्हणून आकडेच सोडून दिलेस तर काही दारं कायमची बंद होतात. सीजीएलमधल्या ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसरच्या जागेला बारावीच्या गणितात 60 टक्के लागतात, नाहीतर डिग्रीला संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. तुझ्या पीयूसीत (आपल्याकडची अकरावी-बारावी) गणित नव्हतं, म्हणजे तुझ्यासाठी हा संख्याशास्त्राचा रस्ताच उरला. सीएचंही बघ. बी.कॉम.ला 55 टक्के पडले तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला, म्हणजे पुढच्या टप्प्याला नाव नोंदवता येतं, बी.ए.ला त्यासाठी 60 लागतात. म्हणून माझं मत बी.कॉम., तेही संख्याशास्त्र देणाऱ्या कॉलेजात. तुला तेही जड नाही.

आता बी.कॉम.मध्येच काय चुकतं ते सांगते. गाइड पाठ करून 80 टक्के पडतात आणि हातात खरं बिल आलं की मूल गोंधळतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं बिल घे. जीएसटी नंबर अक्षरं-आकडे मिळून 15 चिन्हांचा असतो, त्यातले पहिले दोन अंक राज्याचे. कर्नाटक 29, महाराष्ट्र 27. बेळगावच्या फाउंड्रीनं बेळगावातच एक लाखाचं कास्टिंग विकलं, तर 18 टक्के जीएसटीचे सीजीएसटी (केंद्राचा) 9,000 आणि एसजीएसटी (राज्याचा) 9,000 असे दोन भाग होतात. तोच माल कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला गेला तर आयजीएसटीचे (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) एकरकमी 18,000. कर तेवढाच, पण खातं वेगळं. चुकीच्या खात्यात भरला तर बरोबर खात्यात पुन्हा भरावा लागतो आणि आधीच्याचा परतावा मागत बसावं लागतं. तोवर फाउंड्रीचे पैसे अडकलेले. आपल्याकडे माल रोज सीमा ओलांडतो, त्यामुळे ही चूक इथे फार महाग पडते, आणि हिशोबाच्या नोकरीच्या मुलाखतीला नेमकी अशीच दहा बिलं पुढे ठेवतात. मार्क्सकार्ड त्यानंतर बघतात.

हे शिकायला वेळ कुठून येणार? सोप्या डिग्रीची खरी कमाई इथेच आहे, बाळा. कॉलेज दीडला सुटतं. दुपारचे तीन तास, आठवड्याचे पाच दिवस, 16 आठवड्यांचं सेम (सेमिस्टर) धरलं तर 240 तास होतात. सहा सेमचे 1,440. मार्क सहज पडतात म्हणून ह्या दुपारी झोपेत आणि मोबाइलवर गेल्या, तर तीन वर्षांनी हातात नुसता कागद राहतो. ते तास आत्ताच वाटून ठेव.

पहिल्या दोन सेमला रोज अर्धा तास कन्नड. वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाच आणि दहा ओळी स्वतः लिही. तुला बोलता येतं, पण लिहिताना जोडाक्षरात अडतेस, आणि अडचण लिहिण्याचीच येते. बँकेच्या क्लार्कच्या भरतीत ज्या राज्यातून अर्ज करशील तिथली भाषा वाचता, लिहिता, बोलता यावी लागते, आणि एका भरतीत एकाच राज्यातून अर्ज करता येतो. महाराष्ट्रातून भरलास तर मराठी चालेल, पण मग कर्नाटकातल्या जागा त्या वर्षी गेल्या. दोन्ही भाषा लिहिता आल्या तर जिथे जागा जास्त तिथून भरता येईल. इंग्रजीला आणखी एक तास दे, त्यात कसर नको.

तिसऱ्या-चौथ्या सेमला टॅली (कॉम्प्युटरवर हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेल. टॅलीत बटणं दाबायला महिना पुरतो. खरं शिक्षण म्हणजे शंभर बिलं आधी वहीत हातानं नावे-जमा लिहून मग टॅलीत टाकायची आणि दोन्हींची बेरीज जुळवायची. पाचव्या सेमला एखाद्या सीएच्या ऑफिसात जा, पगार नसला तरी चालेल. महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस (कापून घेतलेला आयकर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 हे विक्रीचं विवरण, 20 ला 3बी हे कर भरण्याचं विवरण, ही धावपळ दोन-तीन महिने डोळ्यांनी बघ. शेवटच्या सेमला फक्त परीक्षेची तयारी, रोज घड्याळ लावून एक चाचणी.

सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांना अर्ज करता येतो. त्यासाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. जाहिरात आल्यावर धावाधाव नको, यंदाच काढू.

रविवारी येशील तेव्हा पीयूसीचं मार्क्सकार्ड आणि मनात असलेल्या दोन्ही कॉलेजांचा सहाही सेमचा विषयतक्ता आण. संख्याशास्त्र कुठल्या सेमला आहे तिथे पेन्सिलीनं खूण करून ठेव. मावशीला नमस्कार सांग.

तुझी,
आई