काकांसाठी बाटली आणता येणार नाही

टोरांटो

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

चवथीला सावंतवाडीहून आपल्या फोंड्याच्या घरी आलेल्या काकांनी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधता बांधता ‘पोरगी तिकडे उंदरापासून मधुमेहाचे औषध करते, एक बाटली मागवून घ्या’ असे सांगितल्याचे तुमच्या पत्रातून कळले. हसू आले, पण काका ते चार घरी सांगतील, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या बाटलीत औषध नाही. औषध ज्याला अडवते, ते आहे. बाबा, तुमच्या रोजच्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिप्टिन’ आहे ना, ती डीपीपी-४ नावाच्या विकराला (एन्झाइमला) अडवते. जेवण पोटात गेले की आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक रक्तात येते आणि साखर वाढलेली असेल तर स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. हे संप्रेरक म्हणजे ३० अमिनो आम्लांची माळ. आईच्या अबोलीच्या गजऱ्यातली पहिली दोन फुले गळली तरी तो माळता येतो. इथे मात्र डीपीपी-४ ने पहिले दोन मणी कापले की उरलेली माळ ते काम करू शकत नाही, आणि रक्तात हे एक-दोन मिनिटांतच घडते. तेव्हा काकांना मी कात्रीच पाठवल्यासारखे होईल. अर्थात ती गिळली तर इतर प्रथिनांसारखी पोटात पचूनच जायची.

‘उंदराचे’ म्हणजे उंदीर मारून काढलेले, असेही नव्हे. उंदराच्या त्या विकराचे जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये घालतात, पेशी ते प्रथिन तयार करतात आणि त्याला जोडलेल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या शेपटीमुळे ते निकेल असलेल्या गाळणीच्या नळीत अडकवून शुद्ध करता येते. उंदराचेच का, तर जीएलपी-१ माणसात आणि उंदरात अगदी सारखे असले तरी त्याला कापणारे विकर तंतोतंत सारखे नाही: माणसाचे ७६६ अमिनो आम्लांचे, उंदराचे ७६० चे. औषधाचा नवा रेणू आधी उंदरावर तपासायचा, तर तो उंदराच्या कात्रीलाही अडवतो की नाही, हे आधी नळीतच पाहावे लागते.

बाटली म्हणावी तर बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी कुपी. तळाशी १० मायक्रोग्रॅमचा पांढरा थर असतो, तोही उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. झाकणाला चिकटलेला कण वाया जाऊ नये म्हणून उघडण्याआधी कुपी यंत्रात गरगर फिरवतात. मग द्रावण करून थोडे थोडे वेगवेगळ्या नळ्यांत भरून गोठवायचे. गेल्या महिन्यात मी आळस केला. सगळे एकाच नळीत ठेवले आणि प्रयोगाच्या दिवशी तेच वितळवायचे, पुन्हा गोठवायचे, असे चार वेळा केले. विकर कापत असले की मिसळलेल्या रसायनातून निळसर प्रकाश निघतो. पाचव्या वेळी यंत्रावरची रेषा जवळजवळ सपाट आली. नव्या रेणूनेच विकर पूर्ण अडवले, असे वाटून मी खूश झाले होते. रेणू न घातलेली नळीही तशीच निघाली, तेव्हा चूक उमगली: पुन्हा पुन्हा वितळवून-गोठवून विकरच निकामी झाले होते. आठवड्याचे काम पुन्हा केले.

बाबा, तुमची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. काकांसाठी इथून काय आणावे, हे मात्र सुचत नाही. मॅपलचा पाक त्यांना चालणार नाही.

तुमची,
धाकटी