माझ्या बापाचं कीर्तन हे कीर्तन नाही, असं कुणी ठरवलं? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम सलाम. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत एकमेकांना भेटलं की सलाम म्हणतात, म्हणून तसंच लिहिलंय, गैरसमज नसावा.

मी एका कीर्तनकाराची मुलगी. बाबा आता 74 वर्षांचे आहेत आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून ख्रिस्ती कीर्तन करतात. नारदीय पद्धतीचंच, उभं राहून, हातात चिपळ्या, मागे पेटी-तबला, आधी पूर्वरंग, म्हणजे अभंग घेऊन निरूपण, आणि मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. फक्त आख्यान बायबलमधलं. पंधरा वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागे पेटीवर मी बसते. तुमच्याकडे ज्येष्ठ कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे, महिना पाच हजार. त्यासाठी आम्ही अर्ज केला होता, आणि गेल्या मंगळवारी आम्हाला कलेचं सादरीकरण दाखवायला बोलावलं होतं. कुठल्या ऑफिसात, कोण होतं ते मी इथे लिहीत नाही, मला कुणा एकाची नोकरी घालवायची नाहीये. पण काय झालं ते तुम्हाला ऐकावं लागेल.

सकाळी सहाच्या एसटीने निघालो. बाबांचं अर्धं तिकीट, माझंही अर्धं, पेटीचं मात्र पूर्ण लागलं. दहाची वेळ दिली होती, नंबर आला साडेतीनला. बाबांनी पांढरं धोतर, उपरणं आणि त्यांच्या गुरुजींनी दिलेली पगडी असा सगळा पोशाख घरूनच केला होता, कारण तिथे बदलायला जागा असते की नाही कोण जाणे. साडेपाच तास ते त्या पोशाखात बाकड्यावर ताठ बसून होते, पाठ टेकली की उपरणं चुरगळतं म्हणून. मध्ये चहा पण घेतला नाही, आवाज बसतो म्हणतात.

आत गेल्यावर त्यांनी उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं. त्यांची स्वतःची साकी आहे, म्हणजे गाऊन म्हणायचं दोन ओळींचं पद, मी लहानपणापासून ऐकत आलेय:

भरल्या घरचा लेक उपाशी, दारोदारी फिरतो
बापाघरचे गडी जेवती, तेच मनाशी स्मरतो

दुसरी ओळ संपायच्या आत समोरच्यांपैकी एकाने हात वर केला. थांबा म्हणाले. हे कुठलं? बाबांनी सांगितलं, शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधला दाखला आहे, प्रभू येशूने सांगितलेला. तर ते म्हणाले मग हा धर्मप्रचार झाला, ही लोककला कशी? शेजारचे म्हणाले, कीर्तन या सदरात बसत नाही, "इतर" मध्ये टाका, आणि इतरला यंदा जागा नाही. आणि तिसऱ्याने, जो तोपर्यंत मोबाईल बघत होता, त्याने विचारलं, बाबा, आजपर्यंत किती जणांना बाटवलं?

माझे हात पेटीवरच होते, भात्यात हवा होती, सूर तसाच वाजत राहिला थोडा वेळ. बाबांनी काही उत्तर दिलं नाही. त्यांनी चिपळ्या फडक्यात गुंडाळल्या, नमस्कार केला आणि बाहेर आले. एसटी स्टँडवर मला म्हणाले, पगडी पिशवीत ठेव, लोक बघतात. साहेब, पंचावन्न वर्षांत हा माणूस पगडी लपवून कधी फिरलेला नाही.

त्या दिवसापासून ते रियाजाला बसलेले नाहीत. आज आठवा दिवस.

आता मला सांगा, कीर्तन कुणाचं? रामाचं आख्यान लावलं की कला, हरिश्चंद्राचं लावलं की कला, आणि उधळ्या पोराचं लावलं की प्रचार? वारकरी बुवांचं कीर्तन देवाचं नसतं का? त्यांना मानधन मिळतं ते मिळालंच पाहिजे, आमच्या गावातल्या बुवांचा अर्ज बाबांनीच भरून दिला होता, त्यांना लिहिता येत नाही म्हणून. ते बुवा आणि बाबा एकाच पारावर बसून चाली एकमेकांना द्यायचे. सप्ताहाला बाबा टाळ धरायला उभे राहायचे, नाताळात बुवा आमच्याकडे मृदंग घेऊन यायचे. गावाला यात काही वेगळं वाटलं नाही कधी.

तुम्हाला कदाचित माहीत नसेल की ख्रिस्ती कीर्तन ही काही काल कुणी परदेशातून आणलेली गोष्ट नाहीये. अहमदनगरकडे, आता अहिल्यानगर म्हणायचं, तिथे अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून. मिशनरी साहेबांच्या विलायती चाली आमच्या खेड्यातल्या माणसांच्या गळ्यात बसेनात. तेव्हा कृष्णराव सांगळ्यांसारख्या मराठी ख्रिस्ती कवींनी कीर्तन हातात घेतलं, कारण आपल्या लोकांना गोष्ट कशी ऐकायची सवय आहे ते त्यांना ठाऊक होतं. साकी, दिंडी, ओवी, अभंग, कटाव हे सगळे छंद इथल्याच मातीतले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले, 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ते तर म्हणायचे की तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. त्यांची मुलांची, फुलांची गाणी शाळेच्या पुस्तकात चालतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावर वर्गात प्रश्न विचारतात, दहा मार्काला. मग त्याच टिळकांचा अभंग माझा बाप पेटीवर म्हणतो तेव्हा तो एकदम "इतर" कसा होतो?

आणि फादर स्टीफन्स? दरवर्षी 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणात रत्नांमध्ये जसा हिरा तशी भाषांमध्ये मराठी, या ओळी म्हणतात की नाही? 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही या ओळी सगळीकडे फिरत होत्या, माझ्याच फोनवर चार ग्रुपवर आल्या. त्या ओळी ख्रिस्तपुराणातल्या आहेत साहेब. 1616 साली गोव्यात राशोलला छापलेलं, दहा हजारांच्या वर ओव्या, आणि आदामापासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची सगळी कथा त्यात ओवीत सांगितलीय. मराठी अक्षरांचे छपाईचे खिळे नव्हते म्हणून रोमी लिपीत छापलं. स्टीफन्स इंग्लंडात जन्मलेला जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, पण त्याला कळलं होतं की या लोकांना पुराण ऐकायची सवय आहे, ओवी म्हणायची सवय आहे, तर आपली गोष्ट त्यांच्याच सुरात सांगावी. चारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला हे कळलं आणि इथल्याच मातीत जन्मलेल्या समितीला 2 ओळीत कळलं नाही. भाषणाला स्टीफन्सची ओवी चालते आणि मानधनाला त्याच ओवीचा वारस चालत नाही, याचं उत्तर मला तुमच्याकडून पाहिजे. क्लार्ककडून नको.

बाबा आख्यान कसं सांगतात ते एकदा बघायला हवं होतं त्या लोकांनी, पूर्ण चाळीस मिनिटं. त्यांच्या गोष्टीत धाकटा पोरगा बापाला म्हणतो माझ्या वाट्याची जमीन तोडून दे, सातबारा वेगळा कर. मग तो विकून मुंबईला जातो. पैसे उडतात, दोस्त पळतात, आणि शेवटी तो कुणाची तरी डुकरं राखायला लागतो. इथे बाबा खाली बसतात आणि डुकरापुढची शेंग उचलून खावी की नाही अशा विचारात नुसता हात पुढे मागे करतात, बोलत काहीच नाहीत. समोरची लहान पोरं पण गप्प होतात. आणि घरी म्हातारा बाप रोज संध्याकाळी बांधावर जाऊन एसटीच्या थांब्याकडे बघतो. कंडक्टरची घंटी वाजली की उठतो, परत बसतो. बाबा ते उपरणं डोळ्यावर धरून एवढंच करतात, उठतात, बसतात, उठतात, बसतात, आणि मागे मी पेटीवर एकच सूर धरून ठेवते. आमच्या भागातून पोरं कामाला गेली ती गेलीच अशी घरं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे कुठल्याही जातीधर्माची बाई असो, तिथे पदर डोळ्याला लागतोच. एकदा दुष्काळाच्या साली एक म्हातारी कीर्तन संपल्यावर बाबांच्या जवळ येऊन म्हणाली, महाराज, माझ्या पोराला पण अशी वाट दाखवा. तिला बाबांनी बाटवलं नाही. तिच्या पोराचा पत्ता शोधून पत्र लिहून दिलं.

हे मी रागात लिहितेय, मला मान्य आहे. पण राग आठ दिवसांचा नाहीये. दोन वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यक्रमात याच बाबांना शाल-श्रीफळ दिलं होतं, एक मोठे साहेब माईकवरून म्हणाले होते की बाबा, तुमच्या मानधनाचं आता माझ्यावर सोपवा. टाळ्या झाल्या, फोटो झाले. ती शाल प्लॅस्टिकच्या पिशवीतून आम्ही अजून काढलेली नाही. त्यानंतर मी त्या ऑफिसात अकरा चकरा मारल्या. कधी उत्पन्नाचा दाखला जुना झाला, कधी कार्यक्रमांचे पुरावे कमी पडले. पुरावे म्हणजे काय तर पेपरातली कात्रणं! खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात, पारावर, भंडाऱ्यात झालेल्या कीर्तनाला पेपरवाला येतो का कधी? माझ्याकडे वही आहे, आईने सुरू केली होती, तारीख, गाव, आख्यान, आणि शेवटी मिळालं काय ते. दोन पायली ज्वारी, एक कोंबडी, 51 रुपये, काही नाही, काही नाही. आई गेली तेव्हाही बाबा बाहेरगावी कीर्तनाला होते, त्या दिवशीची नोंद मी केलीय, माझ्या अक्षरातली पहिली तीच. ती वही पुढे केली तर म्हणाले झेरॉक्स चालणार नाही, आणि मूळ प्रत मी ठेवून यायला तयार नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, डॉक्टरांनी सांगून वर्ष झालं. पाच हजारात ऑपरेशन होत नाही हे मलाही कळतं. पण दर महिन्याला सरकारचे पैसे आले असते तर त्यांना वाटलं असतं की आपण आयुष्यभर केलं त्याची कुठेतरी नोंद आहे.

आणि नुसतं सरकारलाच का बोलू, आमच्यातही तेच. आमच्या चर्चमध्ये आता ड्रमसेट आलाय, पोरं हिंदी-इंग्लिश गाणी म्हणतात, मला ती आवडतातही, पण वार्षिक सभेत बाबांना दहा मिनिटं दिली आणि वर म्हणाले थोडं शॉर्टमध्ये घ्या, धोतर-पगडी जरा जुनं वाटतं. म्हणजे बाहेरच्यांना आम्ही विलायती आणि आमच्यांना आम्ही फार देशी. हे असं आधीपासून चालू आहे. अँजेलो दा फोन्सेका नावाचे गोव्याचे चित्रकार होते, त्यांनी मरियेला साडी नेसवली, आपल्याकडच्या बाईसारखी काढली, तर त्यांच्या स्वतःच्या धर्माची माणसं चिडली आणि ते पुण्याला येऊन आश्रमात राहिले, तिथेच चित्रं काढत राहिले. आणि आत्ता 2020 साली धाराशिवला, तेव्हाचं उस्मानाबाद, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले तर केवढा विरोध झाला, धर्मगुरू कसा चालेल म्हणून. वसईच्या मातीतला माणूस, आयुष्यभर मराठीत लिहिलं, बायबल मराठीत आणलं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पाठीचं दुखणं घेऊन संमेलनाला आले. त्यांना सुद्धा आपण मराठी आहोत हे सिद्ध करावं लागलं, तर माझा बाप कोण?

2011 च्या जनगणनेत या राज्यात आम्ही पावणेअकरा लाखांच्या आसपास होतो, एक टक्काही नाही. मतांच्या हिशोबात आम्ही कुठेच बसत नाही, म्हणून फायलीच्या हिशोबातही बसत नाही, असंच ना? आमच्यातले बहुतेक ज्या वस्त्यांमधून आले, त्या वस्त्यांमधल्या हिंदू, शीख, बौद्ध भावांना अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, आम्ही ख्रिस्ती म्हणून 1950 च्या आदेशाने आम्हाला नाही. भोग तेच, विहीर तीच, नुसता कागद वेगळा. आणि कलेच्या रकान्यातही आता धर्म बघून टिकमार्क करणार असाल तर तो रकानाच काढून टाका.

असे कीर्तनकार किती उरलेत म्हणून मी फोन करून करून शोधले. मला सात सापडले. त्यातले दोन खाटेवर आहेत, एकाचा आवाज गेलाय, आणि चाळीशीच्या आतला एकही नाही. बाबांकडे सोळा आख्यानं पाठ आहेत, कागदावर फक्त चार. बाकीची त्यांच्या डोक्यात, आणि ते आठ दिवस गप्प बसलेत.

मागणं फार नाहीये. अर्जात कीर्तनाच्या पुढे ख्रिस्ती कीर्तन असं स्पष्ट लिहा. ज्यांना कात्रणं देता येत नाहीत त्यांची वही पुरावा धरा. समितीवर कीर्तन कळणारा एक तरी माणूस बसवा, कुठल्याही धर्माचा चालेल, आमच्या गावचे बुवा चालतील. आणि ज्या माणसाने तो प्रश्न विचारला त्याने बाबांना नुसतं सॉरी म्हणावं, फोनवर चालेल.

त्याआधी तुम्ही स्वतः एकदा ऐका. मंत्रालयात बोलवा, जिल्ह्याला दौरा असेल तर रेस्ट हाऊसवर बोलवा, चाळीस मिनिटं लागतील. मी बाबांना तयार करते. पेटी मी आणीन, तबलजी गावातलाच आहे. फक्त मंगळवार सोडून कुठलाही वार द्या.

आपली,
एका मराठी कीर्तनकाराची मुलगी