रंगतक्त्यात एक रकाना कमी आहे

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला धातूंच्या रंगांचा तक्ता नातीने कापून टेबलासमोर चिकटवला आहे. तांबे निळे, निकेल हिरवे, कोबाल्ट गुलाबी, मँगनीज जांभळे. त्यावर पेन्सिल चालवायचा मोह आवरून हे पत्र लिहितो आहे. मी शिक्षक नव्हे. महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत 31 वर्षे द्रावणे बनवली, परीक्षानळ्या धुतल्या. तांब्याचे क्षार मी एकाच सकाळी निळे, पांढरे आणि हिरवट-पिवळे पाहिले आहेत.

मोरचुदाचा, म्हणजे तांब्याच्या सल्फेटचा, खडा तापवला की पाणी उडते आणि पांढरी भुकटी उरते. तांबे तिथेच असते. थेंबभर पाणी टाका, निळाई परत. म्हणजे निळा दिसतो तो पाण्याच्या रेणूंनी वेढलेला तांब्याचा आयन (विद्युतभारित अणू). त्या द्रावणात अमोनिया थेंबथेंब घातला की आधी फिकट निळा साका पडतो. (निम्मी मुले इथेच थांबून “चुकलं” म्हणायची.) आणखी घाला, साका विरघळतो आणि नळीत दौतीतल्या शाईसारखा गडद निळा रंग चढतो. पाण्याला उठवून अमोनिया त्या जागी बसलेला असतो. मोरचुदाच्या द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर ओतले तर क्लोराइड बसते, द्रावण हिरवट-पिवळे होते. आपली इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन धातूला बिलगणारे हे सोबती म्हणजेच लिगंड, आणि असा सोबत्यांसकटचा धातू म्हणजे जटिल आयन. लिगंड बदलला की धातूच्या डी-ऑर्बिटलांमधले (अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या ठरावीक कप्प्यांमधले) ऊर्जेचे अंतर बदलते, मग शोषला जाणारा प्रकाशही बदलतो. जस्ताच्या आयनात ही ऑर्बिटले पूर्ण भरलेली, म्हणून अमोनिया घाला नाहीतर क्लोराइड, नळी रंगहीनच.

या सोबत्यांच्या जागा ठरलेल्या असतात, हे आल्फ्रेड वेर्नरने 1893 साली मांडले तेव्हा तो 26 वर्षांचा होता. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनियाचे रंगीत क्षार रसायनज्ञांना आधीपासून छळत होते. प्रत्येकात क्लोरीन तीनच, पण सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर सहा अमोनियाच्या पिवळ्या क्षारातून तिन्ही खाली बसतात, पाच अमोनियाच्या जांभळ्यातून दोन, चार अमोनियाच्या हिरव्यातून एकच. उरलेली क्लोराइडे जातात कुठे? वेर्नर म्हणाला, धातूभोवती सहा जागा आहेत. अमोनिया कमी पडला की क्लोराइड आत जाऊन बसते आणि मग चांदीच्या हाती लागत नाही. सहा जागा अष्टफलकाच्या (आठ त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या) टोकांवर असतील तर त्या हिरव्या क्षाराला एक भावंड हवे: घटक तेच, फक्त आतली दोन क्लोराइडे समोरासमोर नसून शेजारी. ते जांभळे भावंड त्याने 1907 साली हाती घेऊन दाखवले. त्याचा जुना विरोधक योर्गेनसेन, ज्याने यातले कितीतरी क्षार स्वतः मेहनतीने बनवले होते, त्याने तेव्हा हार मान्य केली. वेर्नरला 1913 चे नोबेल मिळाले. मला मात्र योर्गेनसेनचेच कौतुक जास्त वाटते.

तक्त्यातले मँगनीज तर भलत्याच पंगतीत बसले आहे. पोटॅशियम परमँगनेटमधल्या मँगनीजकडे डी-इलेक्ट्रॉन उरलेलाच नसतो. तो जांभळा रंग ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन प्रकाशामुळे मँगनीजकडे सरकण्याचा आहे. पाण्याने वेढलेला मँगनीजचा द्विभारी आयन इतका फिका गुलाबी असतो की विरळ द्रावणाची बाटली पाण्याची समजून मी एकदा ओतून दिली होती.

तक्ता पुन्हा छापाल तेव्हा धातू आणि रंग यांच्या मध्ये आणखी एक रकाना घाला: ‘सोबत कोण?’ कोबाल्टपुढे गुलाबीसमोर ‘पाणी’ आणि निळ्यासमोर ‘क्लोराइड’ अशा दोन ओळी लागतील. जागा कमी पडली तर जस्त वगळू नका, मँगनीज वगळा.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक