पहिल्या भेटीला जाण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं, रात्री पुन्हा एकदा वाचलं. शेवटी जे विचारलं आहेस त्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. मी तुझा समुपदेशक होणार नाही. तू काही मागावंस आणि मी नाही म्हणावं असं आपल्यात फारसं घडलेलं नाही, म्हणून कारणही सांगतो. तू बरा व्हावास यात माझा स्वतःचा जीव अडकला आहे. उद्या तू म्हणालास, ‘मला घरापासून काही दिवस लांब राहायचंय,’ तर मी शांतपणे ‘असं कशामुळे वाटतंय?’ विचारू शकणार नाही. मी तुला अडवायला धावेन. आणि काही गोष्टी तू मला सांगणारच नाहीस, कारण पुढच्या आठवड्यात आपण सगळे एकत्र बसणार असतो, तुझी बायकोही शेजारी असते. आमच्या कामात याला दुहेरी नातं म्हणतात. ते टाळायचं असतं, आणि का टाळायचं ते तुझं पत्र वाचताना मला अगदी आतून कळलं.

पण तू कोणाकडे तरी जायला हवंस, याबद्दल मला शंका नाही. नोकरी सुटल्यापासून पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, मेल उघडवत नाहीत, साध्या प्रश्नावरून घरात भडका उडतो, हे तूच लिहिलं आहेस. आणि खाली तुझी खरी शंका लिहिली आहेस: ‘नुसतं ऐकून घेणारा असेल तर त्याने माझं काय भलं होणार? आणि कामाला जुंपणारा असेल तर सध्या माझ्यात तेवढा जीव नाही.’ आधार देणारा एक आणि मार्ग काढायला लावणारा दुसरा, अशी दोन माणसं तुझ्या डोळ्यांसमोर आहेत. मी इतकी वर्षं हे काम करतोय ते या भरवशावर, की ही दोन्ही कामं एकाच माणसाने आणि एकाच बैठकीत करायची असतात. ती कशी होतात ते सांगतो.

समज, तू आत जाऊन बसलास आणि म्हणालास, ‘मी आळशी झालोय.’ हेच मला म्हणाला असतास तर मी लगेच म्हटलं असतं, ‘काहीतरीच काय, तू आणि आळशी?’ तुझा भाऊ म्हणाला असता, ‘उद्यापासून लवकर ऊठ.’ आमचं दोघांचंही प्रेम खरं, पण दोघांनीही तुझं बोलणं तिथेच संपवलं. चांगला समुपदेशक ते पुढे नेतो. ‘आळशी म्हणजे नेमकं काय होतं? कालची सकाळ सांगा.’ मग तू सांगू लागतोस. लॅपटॉप उघडला. एका कंपनीकडून आलेला मेल दिसला. पोटात गोळा आला, नकारच असणार असं वाटलं. लॅपटॉप मिटला. ‘मिटल्यावर कसं वाटलं?’ सुटलो असं वाटलं. ‘आणि दुपारी?’ दुपारी स्वतःचीच लाज वाटली.

यात आळस कुठे आहे? भीती आहे, आणि त्या भीतीपासून दोन मिनिटांची सुटका आहे. ही सुटकाच घात करते. लॅपटॉप मिटल्यावर जिवाला बरं वाटतं, त्यातून मन एवढंच शिकतं की मिटणं हा उपाय आहे, आणि उद्या तोच मेल आणखी जड होतो. टाळल्याने चिंता घटकाभर उतरते आणि मुक्कामाला मात्र राहते, हे चिंतेवर काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी तुला हे असं पत्रात सांगितलं की तू मान डोलावशील आणि उद्या पुन्हा लॅपटॉप मिटशील. तुझ्याच कालच्या सकाळमधून, तुझ्याच तोंडून ते बाहेर आलं तर गोष्ट वेगळी होते. ऐकण्याचा उपयोग काय, असं विचारलंस ना, तो हा. त्याने ऐकलं म्हणून ‘आळशी’ हा शिक्का बाजूला झाला आणि हात कुठे घालायचा ती जागा सापडली.

या ऐकण्याला पाया दिला तो कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. माणूस बदलायचा तर काय काय लागतं, हे त्यांनी १९५७ साली एका लेखात मांडलं. त्यातल्या तीन गोष्टी समुपदेशकाने आणायच्या: समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घेणं, त्याला कसलीही अट न घालता स्वीकारणं, आणि स्वतः मुखवटा न घालता खरं असणं. रॉजर्स यांचं म्हणणं होतं की त्यांनी सांगितलेल्या अटी जुळून आल्या तर तेवढं पुरेसं असतं. इथे मी त्यांच्यापासून थोडा वेगळा उभा राहतो. त्या गोष्टी नसतील तर पुढचं काहीच होत नाही, हे मी रोज पाहतो. पण रात्ररात्र जागणाऱ्या माणसाला फक्त समजून घेतलं, तर तो समजून घेतलेला असूनही जागाच राहतो. त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

ते ‘काहीतरी’ बहुतेक वेळा इतकं लहान असतं की तुला हसू येईल. ‘रोज दहा वाजता एकच मेल उघडायचा. उत्तर द्यायचं नाही. वाचायचा आणि उठायचं.’ एवढंच? हो, एवढंच. ‘मन ताळ्यावर आलं की कामाला लागेन’ असं तू लिहिलं आहेस, आणि मला सगळ्यात जास्त त्याच वाक्याने टोचलं, कारण ती वाट बघण्यात महिने जातात. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो: फिरणं, मित्र, छंद, हातातलं काम. ज्यातून बरं वाटायचं तेच सुटल्यामुळे उदासी वाढते, आणि उदासी वाढली की आणखी काही सुटतं. पीटर लेविनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात हे चक्र नीट मांडलं आणि ते कृतीच्या टोकाकडून तोडता येतं हे दाखवलं. आधी थोडं करायचं, मन मागून येतं. म्हणून मेलच्या बरोबरीने तो समुपदेशक कदाचित विचारेल, ‘पूर्वी संध्याकाळी काय करायचात?’ तू पोहायला जायचास हे त्याला माहीत नाही, मला माहीत आहे. तू सांग त्याला.

पायरी केवढी असावी हे तो एकटा ठरवत नाही. तो विचारेल, ‘शून्य ते दहामध्ये सध्या कुठे आहात?’ स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या समुपदेशक जोडप्याच्या पद्धतीतला हा प्रश्न आता जगभर विचारला जातो. तू म्हणशील तीन. मग तो ‘तीनच का?’ असं विचारणार नाही. विचारेल, ‘दोन का नाही? तीनवर कशामुळे टिकून आहात?’ आणि तुला थांबून शोधावं लागेल. मुलीचा अभ्यास तू अजून रोज घेतोस. भावाला दर रविवारी फोन करतोस. माझ्या पत्राला उत्तर दिलंस. या गोष्टी तुझ्या हिशेबात कुठेच नव्हत्या. पुढचा प्रश्न, ‘चारवर गेलात तर घरच्यांना कशावरून कळेल?’ त्याचं जे उत्तर येईल तेच पुढच्या आठवड्याचं काम.

आणि ठरवलेलं झालं नाही तर? तू परीक्षेला बसलेला नाहीस. ‘नाही जमलं’ म्हणालास तर तो विचारेल कुठे अडलं, कारण जिथे अडलं तिथेच पुढचं बोलणं आहे. पायरी मोठी होती का, वेळ चुकीची होती का, की ती मुळात तुझी नव्हतीच आणि त्याचं मन राखायला तू हो म्हणालास? ते शेवटचं असेल तर तेही त्याला सांग.

आता सल्ल्याबद्दल. कमी पगाराची ती नोकरी घ्यावी की नाही, हे त्याने सांगून टाकावं असं तुला वाटतंय. तो सांगणार नाही. यामागे कामाचं एक कारण आहे आणि ते मला फार पटतं. विल्यम मिलर हे मानसशास्त्रज्ञ दारूच्या समस्येवर काम करायचे. त्यांनी १९८३ साली लिहिलं की बदल का करावा हे समोरच्याने ठासून सांगितलं की माणूस न बदलण्याची बाजू लढवू लागतो. घरात हेच होतंय बघ. बायको म्हणते ‘घे ना ती नोकरी,’ की तू त्या नोकरीतले दोष मोजतोस. ती गप्प बसली की रात्री तुझ्याच मनात येतं, निदान घराबाहेर तरी पडेन. दोन्ही बाजू तुझ्यात आहेत. त्या दोन्ही तुझ्या तोंडून पूर्ण ऐकून घेणारं कोणी हवं, म्हणजे निर्णय तुझा राहील आणि उद्या कोणावर फोडायला खापर लागणार नाही.

पण माहिती तो हातचं न राखता देईल, ती देणं त्याचं कामच आहे. झोपेचंच घे. रिचर्ड बुटझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरतात: अंथरूण झोपेपुरतंच, फोन आणि हिशेब तिथे न्यायचे नाहीत, साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं, रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच, आणि दिवसा डुलकी नाही. पहिले काही दिवस जड जातात. तू आत्ता उलट करतोयस, दोन-दोन तास पडून छताकडे बघतोयस, आणि अंथरूण म्हणजे काळजीची जागा असं शरीराला शिकवतोयस.

‘मला आता कोणी घेणार नाही’ हे जे तू तीन वेळा लिहिलं आहेस, त्याच्याशीही तो भांडणार नाही. ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात उदास रुग्णांसोबत काम करताना पाहिलं की असे विचार आपोआप येतात आणि माणूस ते तपासतच नाही, खरे धरून चालतो. तर तो तुझ्यासोबत ते तपासेल. किती ठिकाणी अर्ज केले, किती उत्तरं आली, त्यातले किती मेल तू अजून उघडलेलेच नाहीस? उत्तर कडू निघालं तर कडूच राहील. ‘सगळं छान होईल’ असं म्हणून पाठवणाऱ्याकडे मी तुला पाठवणार नाही.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. एक बैठक साधारण पाऊण ते एक तासाची, सुरुवातीला बहुधा आठवड्यातून एकदा. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या पद्धतीत अनेकदा सहा ते वीस बैठका लागतात. तू बोललेलं बाहेर जात नाही, तुझ्या बायकोला नाही आणि मलाही नाही. अपवाद थोडे: तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, एखाद्या मुलाला इजा होत असेल, किंवा कायद्याने माहिती देणं भाग असेल. हे त्याने पहिल्याच भेटीत सांगायला हवं. नाही सांगितलं तर विचार. तो गोळ्या लिहून देणार नाही, गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवेल. आणि आधी तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटून ये. थायरॉइड बिघडला असेल किंवा रक्त कमी असेल तरी माणूस असाच थकतो आणि खचतो.

एक प्रश्न तो तुला सरळ विचारेल, म्हणून दचकू नकोस: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारलं की माणसाला बोलायला वाट मिळते. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, ‘सगळं थांबलं तर बरं होईल.’ मित्र म्हणून मीही तुला तेच विचारतो. तसं मनात येतं का? येत असेल तर पत्र लिहीत बसू नकोस, भेट ठरण्याचीही वाट बघू नकोस. मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी उचलला नाही तर बायकोला उठव आणि जवळच्या दवाखान्यात जा.

आता निवडण्याबद्दल. मी तुला दोन नावं पाठवतो, दोघेही माझ्या माहितीतले आहेत, दोघांनीही रीतसर शिक्षण घेतलं आहे. पहिली भेट ही तू त्याला पारखण्याचीही आहे. शिक्षण काय, अशा अडचणींवर काम केलंय का, कसं करता, हे बेलाशक विचार. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये समुपदेशनातल्या भागीदारीचे तीन धागे सांगितले: कुठे जायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवरचा विश्वास. दोन-तीन भेटींनंतर हे तीन स्वतःशी ताडून बघ. एखादा धागा सैल वाटला तर न येण्यापेक्षा त्यालाच सांग. चांगला असेल तर तो रागावणार नाही, तिथूनच पुढे काम करेल. तरीही नाही जुळलं तर दुसऱ्या नावाकडे जा. मला वाईट वाटेल म्हणून अडकून राहू नकोस.

जाताना एका कागदावर एवढंच लिहून ने: गेल्या आठवड्यातला सगळ्यात अवघड तास कोणता होता आणि त्यातल्या त्यात बरा तास कोणता होता. बोलायला तेवढं पुरतं. आणि बायकोला आजच सांग की तू जाणार आहेस. भेटीत काय बोललास ते सांगायची गरज नाही, पण जातोयस हे तिला कळू दे. तीही महिनोन्‌महिने एकटीच तुझा विचार करत असेल.

मंगळवारी संध्याकाळी फोन करतो. तोवर दोघांपैकी एकाची वेळ घेऊन ठेव. फोन लावायचं अगदीच जिवावर आलं तर मी येतो, तू नंबर फिरवेपर्यंत शेजारी बसतो. एवढं मी मित्र म्हणून नक्की करू शकतो.

तुझाच