कायरोप्रॅक्टरचं टेबल तपासा, तशी त्याची पाटीही तपासा

माननीय संपादक महोदय,

मी रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण विभागातून निवृत्त झालेली परिचारिका. निम्मी नोकरी कोण हात धुतो आणि कोण नुसते भिजवतो, हे बघण्यात गेली. कंबर धरली की मी स्वतः कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणक्याला हाताने दाब-झटके देऊन पाठ-मानदुखीवर उपचार करणाऱ्याकडे जाते, तेव्हा या मंडळींना मोडीत काढा असं म्हणायला मी बसलेली नाही. कंबरदुखीत मणक्यावरच्या हातउपचारांनी काही जणांना थोडाफार आराम पडतो, एवढं पुराव्यानिशी म्हणता येतं. माझं म्हणणं साथीच्या काळाबद्दल आहे. कोविडमध्ये सुरक्षित उपचार म्हणजे मास्क, सॅनिटायझर आणि कपाळासमोर धरायचं थर्मामीटर, असंच बहुतेकांनी धरलं. दवाखान्याच्या पाटीवर आणि फोनवर फिरणाऱ्या जाहिरातीत काय लिहिलंय, ते संसर्ग नियंत्रणात मोडतं असं फार थोड्यांना वाटलं. माझ्या मते ते मोडतं, आणि त्याची तपासणीही टेबलाच्या तपासणीइतकीच कडक हवी.

आधी टेबलाबद्दल बोलते, कारण ते माझ्या हातातलं काम आहे.

कायरोप्रॅक्टरकडे रुग्ण पालथा झोपतो आणि तोंड टेबलाच्या डोक्याकडच्या फटीत घालतो. फटीच्या दोन्ही बाजूंना रेग्झिनच्या गाद्या असतात, त्यावर कागदाची पट्टी टाकलेली असते. दहा मिनिटांत ती श्वासाने दमट होते, बऱ्याचदा फाटते. मग गाल, ओठ आणि नाक थेट रेग्झिनला लागतात. मास्क घातलेला असला तरी या फटीत तो चुरगळतो, जीव घुसमटायला लागतो आणि रुग्ण हळूच तो हनुवटीखाली ओढतो. दोष रुग्णाचा नाही, ती जागाच तशी आहे. पट्टी बदलली की टेबल स्वच्छ झालं असं मानतात, पण गादीची शिवण कुणी बघत नाही. शिवण उसवली किंवा रेग्झिनला तडा गेला की आतला फोम घाम शोषतो, आणि फोम कुठल्याही द्रावणाने पुसून निर्जंतुक होत नाही. अशी गादी बदलायची, चिकटपट्टी लावायची नाही.

काही टेबलांचे भाग दाब दिला की खट्‌कन खाली बसतात. ते पुन्हा वर चढवायला बाजूला एक दांडा असतो. उपचार करणाऱ्याचा हात रुग्णाच्या मानेवरून त्या दांड्यावर, दांड्यावरून कंबरेवर, आणि पुढच्या रुग्णाच्या वेळी पुन्हा त्याच दांड्यावर जातो. टेबल पुसताना दांडा पुसलेला मी क्वचितच पाहिला. जंतुनाशक फवारून लगेच कोरड्या कापडाने पुसून टाकणं हीदेखील सार्वत्रिक खोड आहे. बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा, नाहीतर ती फक्त वासाची सोय. स्पिरिट पटकन उडून जातं आणि रोज लावलं तर रेग्झिनला तडेही पाडतं, तेव्हा गादीला काय चालतं हे टेबल बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत बघावं.

हे सगळं नीट केलं तरी हवा उरतेच. कोविड हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट शब्दांत लिहायला २०२१ उजाडलं. तोवर जग दाराच्या कड्या पुसत होतं. मानेवर उपचार करताना कायरोप्रॅक्टर उताण्या रुग्णाच्या डोक्याशी उभा राहून वाकतो, दोघांच्या चेहऱ्यांत हातभर अंतर. मापाचा, गालाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क इथे दोघांना हवा, आणि तो झडप नसलेला. कारण झडपेतून सोडलेला श्वास न गाळताच बाहेर येतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या तक्त्याप्रमाणे खोलीतली हवा तासाला ६ वेळा बदलत असेल, तर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला ४६ मिनिटं लागतात. १२ वेळा बदलत असेल तर २३. आता ज्या दवाखान्यात दर पंधरा मिनिटांना एक रुग्ण आत जातो तिथे काय होत असेल, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. साथीच्या काळात दोन रुग्णांमधलं अंतर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नावडता उपाय, कारण तो थेट गल्ल्याला लागतो.

गल्ल्यावरून आठवलं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी एका दवाखान्यात उपचारांचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेतलं होतं. ऐनवेळी यायचं रद्द केलं की त्या भेटीचे पैसे बुडाले, असा तिथला नियम. साथ सुरू झाल्यावरही तो तसाच राहिला. बाईंना अंगात कणकण वाटत होती, पण पैसे जातील म्हणून गोळी घेऊन गेल्या. दारातल्या थर्मामीटरने ताप दाखवला नाही, गोळीने तो उतरवलाच होता. आजारी माणसाने घरी राहिल्यास दंड करणारा दवाखाना रोज टेबल फिनाइलने धुवत असला तरी माझ्या लेखी असुरक्षित आहे. साथ जाहीर झाली की रद्द केलेल्या भेटीचे पैसे कापायचे नाहीत, हा नियम नियामकाने लेखी घालायला हवा. सौजन्यावर सोडण्यातली ही गोष्ट नव्हे.

फोनवरची विचारपूसही बदलायला हवी. सर्दी, ताप, खोकला विचारतात. अंगदुखीचं विचारत नाहीत, कारण तिथे येणारा प्रत्येकच अंग दुखतं म्हणून आलेला असतो. आणि कोविडची सुरुवात तर पुष्कळांची अंगदुखीनेच झाली. काल अचानक सगळं अंग आणि पाठ दुखायला लागली, असं म्हणणाऱ्याला टेबलावर घेण्याआधी दोन दिवस थांबवून तपासणी करून घ्या, एवढं तरी सांगता येतं. आजारातून उठलेल्यांचं वेगळंच. कोविडनंतर बऱ्याच जणांना रक्त पातळ करणारी औषधं होती, कित्येकांना स्टिरॉइड दिलेली होती. स्टिरॉइडमुळे हाडं ठिसूळ होऊ शकतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरूही शकतं, आणि त्याचं दुखणं जांघेत किंवा मांडीत येतं. ते कंबरेतून उतरलेलं समजून कुणी झटके देत बसला तर? अचानक उठलेली, पूर्वी कधी नसलेली मानदुखी आणि सोबत चक्कर, दुहेरी दिसणं किंवा बोबडी वळणं असेल तर मानेला हात लावायचा नसतो, रुग्णाला थेट रुग्णालयात पाठवायचं असतं. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तरी तेच.

यावरूनच ‘तातडीचे’ उपचार म्हणजे काय, हा घोळ २०२०च्या मार्चमध्ये झाला. कॅनडातल्या ओंटारियोने १९ मार्चला तातडीचे नसलेले आरोग्य उपचार थांबवायचा निर्देश काढला आणि २६ मेला तो बदलून टप्प्याटप्प्याने मोकळीक दिली. पण पाठीचं खरोखर तातडीचं दुखणं कायरोप्रॅक्टरचं नसतंच, ते शस्त्रक्रियेच्या दारातलं असतं. मग उरतं काय? असह्य दुखणं, ज्यात धोका नाही पण माणूस उठू शकत नाही. असा रुग्ण अपघात विभागाच्या गर्दीत जाण्याऐवजी छोट्या दवाखान्यात बघितला गेला तर बरंच, हा कायरोप्रॅक्टरांचा युक्तिवाद मला पटतो. दुखत काहीच नाही, पण दर महिन्याला ‘देखभाली’साठी यायचं, ही भेट मात्र साथीत बंदच हवी. ते ठरवायचं काम उपचार करणाऱ्यावर सोडू नये. त्याचं घर त्यावर चालतं, तो कसा निःपक्षपाती राहील?

आता पाटी. मणका सरळ केला की प्रतिकारशक्ती वाढते, हा पाटीवरचा दावा जुना आहे. १८९५मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी हा व्यवसाय सुरू केला. पुढे १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर त्याच गावचे आकडे मिरवले गेले : कायरोप्रॅक्टरांनी १,६३५ रुग्ण बघितले, दगावला एक, आणि डॉक्टरांकडचे मात्र शेकड्याने गेले. हे आकडे आजही फिरतात. कोण कुठल्या अवस्थेत कुणाकडे गेला, तपासलं कुणी, मृत्यू कुणाच्या नावावर लिहिला, यातलं त्यात काही नाही. श्वास लागलेला माणूस कायरोप्रॅक्टरकडे जात नाही, एवढं वॉर्डातली पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही सांगेल.

२०२०मध्ये हाच दावा नव्या कपड्यांत परत आला. बरं म्हणजे, त्याला विरोध व्यवसायाच्या आतूनही झाला. कायरोप्रॅक्टरांच्या जागतिक महासंघाने त्याच मार्चमध्ये उपलब्ध संशोधन तपासून सांगितलं की असा दावा करता येईल असा विश्वासार्ह पुरावा नाही. काही आठवड्यांनी या क्षेत्रातल्या जगभरच्या संशोधकांनीही तसंच संयुक्त निवेदन काढलं. तरी महासंघ काही कुणाचा परवाना काढून घेऊ शकत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२०मध्ये कोविडविषयीच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध कायदा आला आणि एप्रिल २०२१मध्ये त्याखालचा पहिला दावा दाखल झाला तो एका कायरोप्रॅक्टरवरच. ड जीवनसत्त्व आणि जस्ताच्या गोळ्या विकताना त्या लशीइतक्या किंवा लशीपेक्षा चांगल्या, असा प्रचार केल्याचा आरोप होता.

हा नुसता फसवणुकीचा विषय नाही, म्हणून इतकं लिहिते. आपली प्रतिकारशक्ती मणक्यातून वाढवून घेतलीय असं ज्याला वाटतं, तो मास्क खाली करतो, लस पुढे ढकलतो, ताप आला तरी थकवा म्हणतो. म्हणजे न पुसलेल्या गादीने जे होतं तेच पाटीने होतं, फक्त जास्त लोकांना होतं. ऑस्ट्रेलियातल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामकांनी मार्च २०२१मध्ये हे नेमकं ओळखलं : लशीविरुद्ध खोटं पसरवणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकावर कारवाई होऊ शकते, असं त्यांनी जाहीर केलं. तिथे कायरोप्रॅक्टरही त्यात येतात, कारण त्यांचंही नोंदणी मंडळ आहे.

आणि इथेच घोडं अडतं. मी माझ्या कायरोप्रॅक्टरला विचारलं, टेबल कशाने पुसता आणि किती वेळ ओलं ठेवता? त्याने बाटली फिरवून लेबलावरचा वेळ वाचून दाखवला. शाबास. मग विचारलं, तुमच्याविरुद्ध तक्रार करायची तर कुठे? त्याने भिंतीवरचं संघटनेचं प्रमाणपत्र दाखवलं. माणूस चांगला आहे, पण संघटना म्हणजे परिषद नव्हे. संघटना सभासदांच्या वर्गणीवर त्यांचं हित बघायला असते. परिषद कायद्याने रुग्णांचं हित बघायला असते. ब्रिटनमध्ये १९९४च्या कायद्याने जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल नेमलं. तिथे नोंदणी नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं हा गुन्हा आहे, नोंदवही कुणालाही बघता येते, आणि परिषद समज देण्यापासून नाव काढून टाकण्यापर्यंत सगळं करू शकते. परिषदेत व्यवसायाबाहेरचे सदस्यही बसतात. जिथे असा कायदा नाही, तिथे मान कडकन वाजवतानाचे व्हिडिओ टाकणारा आणि चार वर्षं शिकून आलेला, दोघांची पाटी एकाच मापाची. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्येच या शिक्षणासाठी चार वर्षांत किमान ४,२०० तास सांगितले होते. ते कुणी पुरे केले हे रुग्णाने कसं ओळखायचं?

काही कायरोप्रॅक्टर म्हणतील, कायदा नसला तरी आम्ही सगळी काळजी घेतली. घेतली असेल. मी रुग्णालयात अशी प्रामाणिक माणसं रोज बघत होते, आणि तरीही त्यांचं ऑडिट करत होते. त्यातल्या चांगल्यांना ऑडिटचा कधी राग आला नाही.

माझी मागणी सरकारकडे आणि या व्यावसायिकांच्या संघटनांकडेही आहे. जिथे नोंदणी नाही तिथे ती आधी सुरू करा. आचारसंहितेत साथीचं स्वतंत्र प्रकरण घाला, आणि हवा, गादी, दोन भेटींमधली वेळ, रद्द भेटीचे पैसे, औषधांची विचारपूस हे सगळं त्यात आकड्यांनिशी येऊ द्या. प्रतिकारशक्तीचा दावा हा अस्वच्छतेच्या बरोबरीचा दोष धरा आणि त्याची तक्रार रुग्णाला, तशीच दवाखान्यात काम करणाऱ्या स्वागतिकेलाही करता येऊ द्या. आत काय चालतं ते तिलाच सर्वांत आधी कळतं. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला स्वतः आजारी पडल्यावर बंद ठेवणं परवडत नाही, तेव्हा त्याच्या भरपाईचाही विचार करा, नाहीतर तो खोकत टेबलाशी उभा राहील. आणि नोंदवहीचा एक साधा उपयोग या चर्चेत निसटतो : साथ आली की बंदचा आदेश, मास्कचा साठा आणि लशीचा अग्रक्रम कुणाला पाठवायचा, त्यांची नावं-पत्ते आरोग्य खात्याकडे त्या दिवशी तयार लागतात. ते गोळा करायला साथ सुरू झाल्यावर वेळ नसतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका (संसर्ग नियंत्रण)