माळ्यावरचा ब्रेस मागू नकोस

प्रिय बंडू,

उजवा चवडा जमिनीला घासतो आणि डॉक्टरांनी ‘एएफओ घ्या’ (म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा ब्रेस) म्हणून मोकळं केलं, हे वाचून माझेच दिवस आठवले. कमरेतली चकती नसेवर दाबली आणि माझं डावं पाऊल लोंबायला लागलं, तेव्हापासून तीन ब्रेस झाले. त्यातला एक फुकट गेला, म्हणून हे लांबलचक पत्र.

पहिला तयार मिळणारा. घोट्याच्या वर पट्टा आणि त्यातून बुटाच्या नाडीला अडकवलेली इलॅस्टिकची दोरी. पँटखाली कळतही नाही. पण तो चवडा वर धरतो, बस्स. पाऊल आडवं मुरगळलं तर बघत बसतो.

मग मी घाबरून एकदम भक्कम घेतला. जाड प्लास्टिकचा, दोन्ही बाजूंनी घोटा कवेत घेणारा. पाऊल ताठरून आत वळत असेल किंवा घोट्यात बिलकूल जोर नसेल, त्याला तसाच लागतो. मला नको होता. सपाट जमिनीवर चाललो की वाटायचं, जमलं! उतार आला की टाच टेकताच नडगी पुढे ढकलली जायची आणि गुडघा दुमडायचा. खुर्चीतून उठताना तर पंचाईतच. आपण नकळत पाऊल मागे घेतो ना, ते घेताच येईना. हाताने टेबल धरून उठायचो.

आताचा पातळ आहे, पोटरीमागे अरुंद पट्टीसारखा. टाच टेकताना जरा दबतो, पाय उचलला की चवडा वर आणतो. कार्बन फायबरचाही घालून पाहिला. पाऊल सुटताना छान उसळी देतो, वजनाला काहीच नाही. पण कुठे टोचला तर गरम करून आकार बदलता येत नाही. माझा प्लास्टिकचा बाहेरच्या हाडावर टोचत होता, ऑर्थोटिस्टने, म्हणजे ब्रेस बनवून देणाऱ्याने, हीट गनने तेवढाच भाग फुगवून दिला. बिजागरीवाला उठबस करायला बरा, पण बूट रुंद लागतो.

बूट हे अर्धं प्रकरण आहे. आतला सोल काढ, गरज पडली तर एक नंबर मोठा घे. टाचेची उंची मात्र बदलू नकोस. मी एकदा सपाट बूट चढवले, तर गुडघा दिवसभर मागे ढकलला जात होता. गुडघ्यापर्यंत मोजा, सुरकुती नको. रात्री ब्रेस काढलास की कातडी बघ. अर्ध्या तासाने लाली गेली नाही तर तो घालू नकोस, दाखवून ये. पाऊल बधिर असेल तर आरसा धरून बघ, दुखून कळायचं नाही.

आणि तुझा उजवा पाय म्हणजे ब्रेक. विचारल्याशिवाय गाडी काढू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मापाला जाताना रोजचे बूट घेऊन जा. पैसे देण्याआधी उतार, जिना आणि खुर्ची, तिन्ही करून बघ. माझा तो जाड माळ्यावर पडलाय, पण मागू नकोस. डाव्या पायाचा आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या