समेटाची घाई कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या सोळा दिवसांत स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध मोर्चे निघतात, शपथा घेतल्या जातात आणि त्यांची छायाचित्रे आपल्या वृत्तपत्रातही येतात. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. हे दिवस ज्या तारखेपासून मोजले जातात ती तारीखच मुळी चळवळीतल्या बायकांनी ठरवलेली आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकात त्रुहियोच्या हुकूमशाहीला विरोध करणाऱ्या मिराबाल भगिनींपैकी तिघींची २५ नोव्हेंबर १९६० रोजी हत्या झाली, १९८१ साली लॅटिन अमेरिकेतील स्त्रीवादी गटांनी तो दिवस पाळायचे ठरवले, आणि संयुक्त राष्ट्रांची मान्यता मिळायला मात्र १९९९ साल उजाडले. मला लिहायचे आहे ते सतराव्या दिवसापासून पुढे काय होते याविषयी, आणि विशेषतः ज्या कामाला आपण सर्रास 'मदत' म्हणतो त्या, मारणारा नवरा आणि त्याची बायको यांच्यात घडवल्या जाणाऱ्या समेटाविषयी.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बाईबरोबर मी अशा समेटाच्या बैठकीला गेले होते. बोलावणारी मंडळी चांगली होती, निदान वाईट हेतूची नव्हती. नवऱ्याला मधोमध खुर्ची मिळाली. ती दाराजवळ, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन बसली होती. 'चूक दोघांचीही असते' या वाक्याने सुरुवात झाली. बऱ्याच वेळाने कुणीतरी तिला विचारले, की बाई, तुमचे म्हणणे काय? तिने तीन गोष्टी मागितल्या : तिचे बँकेचे पासबुक, मुलाचा जन्माचा दाखला, आणि नवऱ्याने तिच्या कामाच्या ठिकाणी येऊन तमाशा करू नये. शेवटी कागदावर जे उतरले त्यात यांपैकी एकही गोष्ट नव्हती. 'उभयतांनी यापुढे गोडीगुलाबीने राहावे', असे लिहून खाली दोघांच्या सह्या घेतल्या गेल्या. त्या कागदाची प्रतसुद्धा तिला मिळाली नाही. चार माणसांत प्रकरण मिटले म्हणून सगळे समाधानाने उठले, आणि ती पुन्हा त्याच घरी गेली.

या प्रसंगात समाज गैरहजर नव्हता, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. 'समाज गप्प बसतो' ही आपली नेहमीची तक्रार आहे आणि ती पुष्कळदा खरीही असते. पण समाज बोलतो तेव्हा तो कुणाच्या बाजूने बोलतो, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. संसार मोडू नये, चारचौघांत शोभा होऊ नये, मुलांकडे पाहून तिने सोसावे, ही सगळी वाक्ये समाजाचीच आहेत आणि ती बहुधा मायेच्या सुरात बोलली जातात. समेटाची घाई मारणाऱ्याला असतेच, पण त्याहून अधिक ती बघणाऱ्यांना असते, कारण प्रकरण मिटले की त्यांचे अवघडलेपण संपते.

म्हणूनच युगांडाच्या राजधानीत, कंपालात झालेला 'सासा' हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ 'आता'. 'रेझिंग व्हॉइसेस' या संस्थेने आखलेल्या या कामात वस्तीतल्याच साध्या बायका-पुरुषांना तयार केले गेले आणि त्यांनी ओट्यावर, बाजारात, कामाच्या ठिकाणी आपल्याच शेजाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली. मारहाण वाईट, असे सांगून ते थांबले नाहीत. घरात सत्ता कुणाकडे असते, ती कशी वापरली जाते आणि तुमच्यावर कुणी ती वापरली तेव्हा तुम्हाला काय वाटले होते, असे प्रश्न त्यांनी विचारले. हे जवळजवळ तीन वर्षे चालले. त्याची तपासणीही कसून झाली. चार वस्त्यांत हे काम आणि तुलनेसाठी चार वस्त्या त्याविना, अशी रचना होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जोडीदाराकडून गेल्या वर्षभरात शारीरिक हिंसा झाल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण काम झालेल्या वस्त्यांत ५२ टक्क्यांनी कमी आढळले. वस्त्या थोड्या असल्याने या आकड्यातली अनिश्चितता मोठी होती, हे संशोधकांच्या मांडणीतच दिसते, आणि त्यामुळे तो घोषणेसारखा वापरू नये असे मला वाटते. तरीही हिंसा वाढली की पोलीस आणि घटली की नशीब, एवढेच आपल्या हाती असते हा समज त्याने निश्चितच हलवला.

सेनेगलमधला अनुभव थोडा वेगळा आहे. मालिकुंदा बांबारा या गावातील बायकांनी ३१ जुलै १९९७ रोजी मुलींची खतना बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याआधी 'तोस्तान' या संस्थेच्या वर्गांतून त्या आरोग्य आणि मानवी हक्कांविषयी शिकल्या होत्या. पण केर सिंबारा गावचे वडीलधारे इमाम देंबा जावारा यांनी एक खोच ओळखली : सोयरिकी आजूबाजूच्या गावांत होत असतील तर एकट्या गावाने ठरवून भागणार नाही, कारण खतना न झालेल्या मुलीला दुसरे गाव नाकारील. म्हणून ते नातलगांच्या गावोगाव पायी फिरले, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये १३ गावांनी एकत्रित जाहीरनामा केला. देशाचा कायदा त्यानंतर, १९९९ साली आला. बाहेरून कुणी येऊन 'तुमची रीत रानटी आहे' असे म्हटले असते, तर त्या गावांनी दारे लावून घेतली असती. इथे बोलणारा माणूस त्यांच्याच नात्यातला होता.

आपल्याकडे कायदा आधी आला आणि शेजारी अजून यायचे आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४ नुसार, असा हिंसाचार घडला आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. 'उगाच कोर्टकचेरी मागे लागेल' या भीतीवर यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणे कठीण. पण हे कलम माहीत असलेले किती जण आपल्याला भेटतात? २००८ साली 'ब्रेकथ्रू' संस्थेने सुरू केलेल्या 'बेल बजाओ' मोहिमेची मागणी तर याहूनही साधी होती. शेजारून मारहाणीचा आवाज आला तर जाऊन घंटा वाजवा, काहीतरी क्षुल्लक मागा. आपल्याला ऐकू जाते आहे, एवढे मारणाऱ्याला कळू द्या.

मात्र घंटा वाजवणाऱ्याने एक धोका ओळखायला हवा. आपण निघून गेल्यावर त्या दाराआड राग तिच्यावरच निघू शकतो. स्त्री घर सोडायच्या बेतात असते किंवा नुकतीच बाहेर पडलेली असते, तेव्हा तर जिवाला धोका सर्वाधिक असतो. म्हणून पुढचे पाऊल तिला विचारल्याशिवाय टाकू नये, आणि ते विचारणे तिला एकटीला गाठून व्हावे, नवऱ्यासमोर किंवा सासरच्या माणसांसमोर नव्हे. तिच्या कागदपत्रांच्या प्रती आपल्याकडे ठेवणे, रात्री-अपरात्री यायला एक दार मोकळे असणे, ठरलेला एखादा शब्द फोनवर ऐकला की काय करायचे हे आधी बोलून ठेवणे, ही सगळी न दिसणारी कामे आहेत. त्यांचे छायाचित्र निघत नाही. आणि ती नाही म्हणाली तर रुसून 'आता तुझे तू बघ' असे म्हणू नये. माझ्या पाहण्यात मदतीचे सर्वांत जास्त हात इथेच आखडले जातात.

पुरुषांविषयी थोडे. माँट्रियलमध्ये ६ डिसेंबर १९८९ रोजी एका बंदूकधाऱ्याने अभियांत्रिकी महाविद्यालयात घुसून १४ स्त्रियांना ठार केले. त्यातून कॅनडातील काही पुरुषांनी १९९१ मध्ये पांढऱ्या फितीची मोहीम सुरू केली. अत्याचार करणार नाही, त्याचे समर्थन करणार नाही आणि त्याविषयी गप्प बसणार नाही, अशी ती तिहेरी शपथ आहे. पहिले दोन भाग सोपे. तिसऱ्याची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती मित्रांच्या बैठकीत कुणी बायकोला 'सरळ केल्याची' बढाई मारतो आणि बाकीचे हसतात, त्या क्षणी होते.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. अधूनमधून 'आपसांत मिटले', 'संसार पुन्हा जुळला' अशा शीर्षकांच्या बातम्या आपण छापता आणि त्यांत मध्यस्थांची नावे ठळकपणे येतात. त्या प्रकरणातल्या बाईची ओळख उघड न करताही, तिने काय मागितले होते आणि त्यांतले काय कागदावर लिहिले गेले, एवढी माहिती त्या बातमीत असावी. आपल्या वार्ताहरांना मध्यस्थांकडून ती मिळत नसेल, तर तेही छापावे.

कळावे,
आपली एक वाचक